दुपारचा पाहुणा

माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आणि ऱ्हस्व-दीर्घाचा अंदाज नाही, तेवढं सांभाळून घ्यावं. पण शेजारच्या आबांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण जेवायला पाहुणा धरून आणणारा असा माणूस कर्जत-खालापुरात दुसरा झाला नाही.

देवळात पोथी चालली होती. अतिथीला जेवू घातल्याशिवाय गृहस्थाने जेवू नये, असं तिच्यात आलं. बाकीच्यांनी नमस्कार केला आणि घरी जाऊन जेवले. आबा मात्र दुसऱ्या दिवसापासून दुपारी भिवपुरीच्या रस्त्यावर जाऊन उभे राहू लागले. मीटर बघायला आलेला माणूस, कांद्याचा टेंपोवाला, प्लॉट बघायला आलेलं जोडपं, कुणीच सुटलं नाही. गाव विचारायचं ते जेवल्यावर, आधी विचारणं पाप. आणि निघताना हातावर वीस रुपये गाडीभाडं. एकदा पंक्चर झालेल्या जीपमधलं अख्खं वऱ्हाड त्यांनी अंगणात आणून बसवलं. मुहूर्त टळत होता, नवरदेव रडकुंडीला आला होता. आबा म्हणाले, "मुहूर्त उद्याबी निघंल. भात निवतोय ना रं!" चुलीपुढून त्यांची बायको, आमच्या काकू, ओरडल्या, "देव येतो म्हणता, तर एकेकटा यायला सांगा की त्याला!"

मी लाजरी. त्यांची-आमची भिंत एक, पण त्यांच्याकडे कधी घासभर खाल्लं नाही. आबांचाही नियम पक्का होता, "शेजारीण पाव्हणी नाय होत. अतिथी परगावचा लागतो."

मग आबांना साखर निघाली. गोळी घेतली की वेळेवर जेवा, असं डॉक्टरने बजावलं. त्यात एक दिवस बंद पुकारला. रस्त्यावर एक गाडी नाही. आबा गोळी घेऊन उभेच. दुपार कलल्यावर काकू परसात येऊन रडायला लागल्या, "रस्त्यावरनं आणून अंगणात बसवलंय, घामाने भिजलेत गं. हात थरथरतायत, पन घास घेत नाय."

मी काय केलं ते माझं मलाच खरं वाटत नाही. डोक्यावर पदर ओढला, पिशवी घेतली, मागच्या दाराने निघाले आणि बांधावरून वळसा घालून रस्त्याने त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिले. "घरात कोण हाय का? लांबून आले. भूक लागलीय."

आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"या बाई, या," आबा म्हणाले. पायांवर पाणी घालायला त्यांनी तांब्या उचलला, तर अर्धं पाणी माझ्या लुगड्यावर. मी पहिला घास घेतला, तेव्हा कुठे त्यांनी भाकरी मोडली. जेवण झाल्यावर गंभीरपणे विचारलं, "कुठलं गाव तुमचं?"

तोंडाला आलं ते मी बोलले, "नेरळ."

वीस रुपये त्यांनी हातावर ठेवले. नाही म्हटलं असतं तर पाहुणी खोटी ठरली असती. घेतले, पण ती नोट मोडली नाही, फडताळात ठेवली.

पुढे काकू गेल्या आणि मुलाने आबांना नेलं, ते खरंच नेरळला, नव्या बिल्डिंगीत. सहाव्या मजल्यावर कोण पाहुणा येणार? खालचा वॉचमन तर येणाऱ्याला आधी गावच विचारतो. वर येतो तो पार्सलवाला, दारातूनच पळतो.

परवा दुपारी आमच्या दारात हाक आली, "घरात कोण हाय का? लांबून आलोय."

आबा. वाळलेले, हातात पिशवी. मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी वाढली. पोटभर जेवले. मग मी विचारलं, "कुठलं गाव तुमचं?"

"नेरळ," आबा म्हणाले आणि हसता हसता उपरण्याने डोळे पुसले.

निघताना मी फडताळातली ती वीसची नोट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती ओळखली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "फिटलं गं पोरी, समदं फिटलं."