शनिवारची गंमत

"घर में क्या बोलता है रे? बोल के बता."

इंग्रजीचे सर खुर्चीत रेलून बसलेले. मी फळ्यासमोर उभा. पुरानी बस्तीतली शाळा, शनिवार, शेवटचा तास.

मी म्हणालो, "मले भूक लागली."

वर्ग हसत सुटला. सर म्हणाले, "फिर से." पुन्हा म्हणालो. पुन्हा हसले.

"इस मुँह में अंग्रेज़ी घुसेगी कहाँ से?"

दर शनिवारी एकाला उभं करायचे. कधी मराठी, कधी ओडिया, बहुतेकदा छत्तीसगढीवाला. त्याला सगळे गंमत म्हणत.

वडील रेल्वेत, विदर्भातून आलेले. आईला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी मी इंग्रजीचा धडा घेऊन बसलो की भाकरी थापता थापता ती विचारायची, "याले आपल्यात काय म्हन्तात?" तिला सांगायचं म्हणजे आधी मला कळायला हवं. मी इंग्रजी तिथे शिकलो. वऱ्हाडीतून.

पुढे त्याच शाळेत मी इंग्रजीचा मास्तर झालो. आणि शनिवार चालू ठेवला. वर पोरांना सांगायचो, "मैं तो सोचता भी अंग्रेज़ी में हूँ." खोटं. जन्मभर खोटं. तेव्हा हसणारे आजही रस्त्यात पाया पडतात, "सर, क्या मज़ा आता था!" ज्यांना हसलो ते रस्ता ओलांडून जातात.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर, मागच्या महिन्यात शाळेनं सत्काराला बोलावलं. मुख्याध्यापक माझाच विद्यार्थी. माईकवर म्हणाला, "आज सर का शनिवार फिर होगा! हमने अब तक बंद नहीं किया है!"

नववीतली एक मुलगी पुढे आणली. बीरगांवच्या कारखाना वस्तीतली. "चल बेटा, घर की बोली में कुछ बोल."

ती म्हणाली, "मोर दाई कारखाना म बूता करथे."

आई कारखान्यात मजुरी करते, एवढंच. सभागृह खदखदा हसलं. मुलगी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. सगळेच बघत होते. आता सर हसणार.

मी उठलो. माईक घेतला.

"मले हासू येऊन नाही राहिलं. ही पोट्टी नीट बोलली. या बोलीतूनच ते इंग्रजी शिकन. मीबी माह्या मायच्या बोलीतूनच शिकलो. तुमाले खोटं सांगत होतो."

मुख्याध्यापक कानाशी आला. "सर, हिंदी में बोलिए ना. किसी को समझ नहीं आ रहा."

"समजून नाही राहिलं? बसा मंग तसेच. या पोट्ट्याइले तसंच तर बसवलं आपन."

शाल टेबलावर ठेवली नि खाली उतरलो. मुलगी निघाली होती, तिला दाराबाहेर गाठलं. "बेटा, मुझसे गलती हुई."

ती म्हणाली, "मेरे पापा को भी खड़ा किया था आपने. उसके बाद वो स्कूल नहीं आए." आणि सायकल काढून निघून गेली.

त्या पोराचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवत नाही. इतक्यांना उभं केलं.

माफी मागून हे मिटत नाही. आठवड्यात शाळेतून फोन आला: सर, आपकी तबीयत तो ठीक है? शनिवारवाला कार्यक्रम तो बच्चों को पसंद है, चलेगा.

नाही चालणार. येत्या शनिवारी मी त्या वर्गात जाऊन बसणार. पोराला फळ्यासमोर बोलावलं की आधी मी उभा राहणार, वऱ्हाडीत बोलणार, कोण हसतो ते बघणार. शिपाई हाताला धरून बाहेर काढेल. तोही माझाच विद्यार्थी आहे. काढू दे. पुढच्या शनिवारी मी पुन्हा आत असेन.