न सापडलेलं विमान

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला केजच्या बँकेत गेले की ती बाई भेटायची. नाव कधी विचारलं नाही. दोघींची पेन्शन फौजेचीच. तिचा नवरा लढाईत सामान नेणाऱ्या विमानात होता. ते विमान डोंगरात हरवलं, सापडलंच नाही. माझ्या माणसाची पेटी घरी आली, आणि बाविसाव्या वर्षी चुलतसासूनं माझ्या बांगड्या दगडावर फोडल्या. तिच्या हातात मात्र अजून कोपरापर्यंत हिरवा चुडा. अंगठा द्यायला हात पुढं केला की मुद्दाम वाजवते, असं मला वाटायचं. खोटं कशाला सांगू, लई जळायचे मी तिच्यावर.

औंदा राहवलं नाही. म्हटलं, "पन्नास वर्षं झाली बाई, आता कोण येतंय?"

"येत न्हाई, ठाव हाय मला," बांगड्या मागं सारत ती म्हणाली. "पर तार आली ती हरवला म्हणून. गेला म्हणून न्हाई आली. मग मी कावून फोडू?"

परतताना मी कासाराच्या दुकानात शिरले, हिरव्या दाखव म्हटलं.

"सुनेसाठी का, आजी?"

मी हो म्हणाले, आणि माप माझ्या हाताचं दिलं.