एकट्या काकांचं अनेकवचन

रिहे गावात मी अडीच वर्षं भाड्याने राहिले. हिंजवडीतल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत लिहिणं हे माझं काम, आणि ते बहुतेक घरूनच चालायचं. मी लातूरकडची. इथे ओळखीचं कुणी नव्हतं. घरमालकीणबाईंना मी काकू म्हणायचे. त्यांची भातशेती होती, आणि घरामागे दोन खोल्या बांधून त्यांनी त्या सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना जेवणासकट द्यायला सुरुवात केली होती.

एका दुपारी त्या वही घेऊन माझ्या दारात उभ्या.

"पोरी, मला विंग्रजी शिकव. पाव्हणं फोनवर बोलत्यात आन मी नुसतं येस येस करतीय."

रोज चार वाजता ओट्यावर शिकवणी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घराविषयी पाच वाक्यं लिहिली, देवनागरीतच. सासूला 'शी', म्हशीलाही 'शी', आणि नवऱ्याला, म्हणजे काकांना, 'दे'. 'दे आर फार्मर.'

मी लाल पेनाने 'दे' खोडलं. "इथे 'ही' हवं, काकू. माणूस एक, तर सर्वनामही एकवचनी. 'दे' म्हणजे पुष्कळ जण."

"'ही' तर बाईला म्हणत्यात."

"मराठीत. इंग्रजीत 'ही' म्हणजे तो."

काकूंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना मी तो म्हणू व्हय?"

इंग्रजीत मान सर्वनामात नसतो, हे मी परोपरीने सांगून पाहिलं.

"मग कुटं असतो?"

त्यांनी खोडलेलं 'दे' पुन्हा लिहिलं.

दिवाळीनंतर बंगळूरहून एक जोडपं येणार होतं. माझी मदत न घेता काकूंनीच त्यांना फोनवर सांगितलं, "दे आर कमिंग. व्हाइट टोपी. यू वेट." काका जीप घेऊन घोटवडे फाट्यावर गेले, फोन मात्र घरीच विसरले. तासाभराने पाहुण्यांचा फोन आला तो मी घेतला. बाई वैतागली होती. अजून कुणीच आलेलं नाही, समोर जीपमध्ये पांढऱ्या टोपीचे एक आजोबा बसलेत, पण ते एकटेच आहेत. बाकीचे कधी येणार?

"तेच ते," मी म्हटलं. "बाकीचे कुणी नाहीत."

काका आले ते घामाघूम. परक्या बाईला आपण होऊन विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तेही वाट बघत बसले होते. मी झाला प्रकार सांगितला. ते पाहुण्यांदेखत हसत सुटले.

"अगं, म्हण की तो. उन्हात तासभर बसण्यापरास बरं हाय."

काकू लाजून आत पळाल्या. दुसऱ्या दिवशी वहीत वाक्य होतं: 'माय हजबंड इज फार्मर. ही इज गुड.' वाचताना त्यातलं 'ही' त्या अगदी हळू म्हणाल्या. पण महिनाभरात त्यांना त्याची गोडी लागली. काकांनी ऐकलं नाही की स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज यायचा, "ही डज नॉट लिसन!" काकांना काही कळायचं नाही, आणि मला हसू आवरायचं नाही.

पुढे मी वाकडला फ्लॅट घेतला. मध्यंतरी काकूंचा फोन आला होता. तुझी खोली रिकामी झालीय, चार दिवस येऊन राहा म्हणाल्या. सुट्टी मिळाली की येते, असं मी सांगितलं. अजून जाणं झालेलं नाही.