दुभाष्याने गाळलेले वाक्य

कापसाच्या वेचणीचे दिवस आले की ते प्रकरण माझ्या मनात पुन्हा उभे राहते. नोकरीत खुनाचे बरेच तपास केले. पण एका बाईचे सगळे आयुष्य चार शब्दांवर टांगलेले मी तेवढ्या एकाच वेळी पाहिले.

तेव्हा मी घाटंजीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कापसाची ती वर्षे फार वाईट होती. औषध प्यायल्याच्या खबरा ठाण्यात इतक्या येत, की वावरात कीटकनाशकाची बाटली पडलेली दिसली तरी कोणी दचकत नसे.

एके सकाळी एक शेतमालक धावतपळत ठाण्यात शिरला.

"साहेब, माह्या वावरात सालगडी मरून पडला. डोकं फुटलं त्याचं. बायको बाजूलेच बसून हाय, हालूनच नाही राह्यली."

आम्ही पोचलो तेव्हा बाई तशीच बसलेली होती. नवराबायको जवळच्या कोलाम पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीतले. वेचलेला कापूस मातीत तुडवला गेला होता. रक्ताचा दगड शेजारी, बाईचे लुगडे रक्ताने भिजलेले. पंचनाम्यात दगड आला, लुगडे आले, एक औषधाची बाटलीही आली. बाटली कुठल्या वावरात नसते, म्हणून तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

बाईला मराठी येत नव्हते. बाजारापुरते चार शब्द, बाकी सगळी कोलामी. आमच्याकडे अशा वेळी ठरलेला एक दुभाषी होता. त्याच पोडावरचा, तालुक्याला एका सरकारी कचेरीत चौकीदार. इस्त्रीचा सदरा घालणारा, बोलायला चुणचुणीत. ठाणे असो की कोर्ट, कोलाम माणूस समोर आला की त्यालाच बोलावणे जाई. यवतमाळचे वकीलही त्याला नावाने ओळखत.

त्याच्यामार्फत मी जबाब घेतला. बाई रडत रडत बराच वेळ बोलली. त्याने थोडक्यात सांगितले, "साहेब, ती म्हणते, नवऱ्याचं मन दुसऱ्या बाईवर गेलं व्हतं. ते तिच्यानं पाहवलं नाही. मारायचं मनात ठरवूनच ठेवलं व्हतं. मोका भेटला अन् दगड घातला."

"अन् हिच्या गळ्यावरचे ओरखडे?"

"मरता मरता त्यानं ओरबाडलं म्हणते."

मत्सरापोटी खून. हत्यार हाती, आरोपी समोर, कारणही स्पष्ट. असा गुन्हा कुठल्याही अधिकाऱ्याला आवडतो. पण बाईच्या बोलण्यात एक शब्द मला पुन्हा पुन्हा ऐकू आला होता, 'दवाई'. आमच्याकडे फवारणीच्या औषधालाही दवाईच म्हणतात. मी विचारले, "ती दवाई काहून म्हणून राह्यली?"

तो क्षणभरही अडला नाही. "दवाखान्यात नेता आलं नाही म्हणते, साहेब. पस्तावा झाला तिले."

उत्तर पटण्यासारखे होते. मी तसाच जबाब लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी बाईला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायचे होते. तिथे तिने कबुली दिली, तर शपथ घेऊन ती मराठीत सांगणारा पुन्हा हाच माणूस. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, दंडाधिकाऱ्यांपुढच्या कबुलीला असते. 'ठरवून मारलं' एवढे दोन शब्द तिथे लिहिले गेले असते, तर जन्मठेप टळणे कठीण होते.

संध्याकाळी कोठडीवरची महिला शिपाई माझ्याकडे आली. "सर, बाई भाकर पाण्यात भिजवून खाते, पण भाजीला हात लावत नाही. तिखट लागलं की कळवळते. तोंडात काहीतरी झालंय तिला."

अटकेनंतर तिला वरवर तपासून गेलेल्या डॉक्टरांना मी पुन्हा बोलावले. बाईच्या ओठांच्या आतून आणि जिभेवर फोड होते, हनुवटीखाली कातडी भाजल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "हे जेवणाचं नाही. काहीतरी जहाल तोंडात गेलंय, अन् हिनं थुंकलंय." मी मुद्देमालातली बाटली काढून पाहिली. झाकण नव्हते आणि बाटली अर्धीच रिकामी होती. मरायला निघालेली बाई नवऱ्याला मारून स्वतः औषध प्याली असती, तर तिने थुंकले नसते.

दंडाधिकाऱ्यांकडे मी पुढची तारीख मागून घेतली आणि मारेगावकडच्या एका शाळेतल्या शिक्षिकेला बोलावणे पाठवले. त्या स्वतः कोलाम होत्या. आल्या आल्या त्यांनी मलाच प्रश्न केला.

"सर, आधी मला सांगा, तुमच्या कायद्यात कारण आणि हेतू एकच का? आणि जबाब आणि कबुली?"

मी समजावले. कारण म्हणजे माणूस का चिडला. हेतू म्हणजे समोरचा मरावा असे त्याला वाटत होते का. जबाब म्हणजे घडले ते सांगणे. कबुली म्हणजे गुन्हा केल्याचे मान्य करणे. एकाएकी गंभीर चिथावणी मिळाली असेल तर गुन्हा हलका होतो. आणि स्वतःचा जीव वाचवायला हात उचलला, तर गुन्हाच राहत नाही.

त्या म्हणाल्या, "म्हणजे सांगणाऱ्याने एक शब्द हलवला तर बाई जन्मभर आत जाते."

"जाते."

मी त्यांना महिला शिपायाशेजारी बसवले आणि जुन्या दुभाष्याला बोलावले. तो त्यांना ओळखत नव्हता. बाईला पहिल्यापासून सांगायला लावले. ती बोलली, आणि त्याने पहिलेच सगळे पुन्हा सांगितले. दुसरी बाई, मनात ठरवलेले, साधलेला मोका.

शिक्षिका उठल्या. "सर, ती असं काही बोललीच नाही."

त्याचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "ताई, ती बोलली तेवढंच सांगा. जास्त नाही, कमी नाही."

"ती म्हणते, नवरा माझ्यावर संशय घ्यायचा. मी वेचणीला जाते की दुसऱ्या कोणाकडे, असं विचारायचा. त्या सकाळी त्याने माझा गळा धरला आणि दवाई तोंडात ओतली. म्हणाला, मी नाही तर कोणी नाही. हाताला दगड लागला, तो मी मारला. त्याने मला सोडलं. मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, पण ते पोटात गेलं नाही. असा नव्हता तो. त्याच्या कानात कोणीतरी भरलं."

"कोणी?" मी विचारले.

शिक्षिकेने तिला ते विचारले. तिने दुभाष्याकडे बोट केले.

पोडावर चौकशी केल्यावर उलगडले. लग्नाआधी दुभाष्याने तिला मागणी घातली होती. तिने नाही म्हटले आणि एका सालगड्याशी लग्न केले. तेव्हापासून हा नवऱ्याशी दोस्ती ठेवून होता. बाई वेचणीला कोणाबरोबर गेली, कोणाशी हसली, हे त्याला रोज सांगायचा.

मी त्याला समोर बसवले. दरडावावे लागले नाही.

"माह्यापाशी सरकारी नोकरी व्हती साहेब. चार माणसांत बोलता येत व्हतं. त्याच्यापाशी काय व्हतं? तरी तिनं त्यालेच केलं. मले वाटलं, त्यांचं भांडण व्हईन, ती मोकळी व्हईन. तो मरन असं नव्हतं वाटलं."

"मग तिलाच का अडकवलंस?"

"त्यानं तिच्या तोंडात दवाई ओतली. तरी ती सांगते, मांडीवर डोकं घेतलं, पाणी पाजलं. असा नव्हता तो, म्हणते. ते वाक्य मराठीत माह्या तोंडातून निघेचना, साहेब. ते गाळलं अन् मंग बाकीचंही फिरवत गेलो."

मेलेल्या माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे मी त्या दिवशी ऐकले. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्याविरुद्ध वेगळी तक्रार झाली आणि कोर्टाचे बोलावणे कायमचे बंद झाले.

खटल्यात दुभाषी म्हणून शिक्षिका उभ्या राहिल्या. सरकारी वकिलांनी विचारले, "दगड मारताना तो मरेल याची जाणीव होती का?" त्या थांबल्या आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "साहेब, 'जाणीव' मला कोलामीत एका शब्दात सांगता येणार नाही. दोन वाक्यांत सांगू का?" परवानगी मिळाली. बाईचे उत्तर त्यांनी जसेच्या तसे ठेवले: "माझ्या तोंडात दवाई जात होती. मला तेवढंच कळत होतं."

पुढे मी जिथे जिथे राहिलो, तिथे एक शिस्त पाळली. दुभाषी आला की त्याला भाषा किती येते हे विचारण्याआधी, समोरच्या माणसाचा तो कोण लागतो हे विचारायचे. भाऊबंदकी, सोयरीक, मोडलेले लग्न, बांधाचा वाद, सगळे. आणि जबाब दुसऱ्या माणसाकडून त्या भाषेत परत वाचून घ्यायचा. माणूस पैशासाठी खोटे बोलतो ते बहुधा सापडते. हेव्यापोटी बोलतो ते सापडत नाही, कारण ते त्याला स्वतःलाही खरे वाटू लागलेले असते.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी तिला निर्दोष मुक्त केले. शिक्षिकेने ते तिला सांगितले. बाईने वळून काहीतरी विचारले. न्यायाधीश म्हणाले, "काय म्हणते ती?"

"विचारते आहे, म्हणजे मी त्याला मारलं नाही, असं का?"

न्यायाधीश म्हणाले, "सांगा तिला. तिच्या हातूनच तो गेला. पण तिने गुन्हा केलेला नाही."

शिक्षिकेने हे सांगायला बराच वेळ घेतला. दोन-तीनदा थांबून, वेगवेगळ्या शब्दांत सांगितले. बाई ऐकत राहिली. मग पिंजऱ्याचा कठडा धरून खाली बसली, आणि अटकेपासून पहिल्यांदाच नवऱ्याचे नाव घेऊन मोठ्याने रडली. त्याचे भाषांतर कोणी मागितले नाही.