साकीनाक्याच्या गाळ्याचा नफा

आमच्या बाबांची नफा मोजायची पद्धत सोपी होती. दिवाळीला सगळ्यांना बोनस देऊन वर घरी मिठाईचा पुडा आला, की झाला नफा. साकीनाक्याला त्यांचा गाळा आहे. मसाल्याच्या पुड्या भरून सील करणाऱ्या मशिनी ते तिथे बनवतात. गेल्या वर्षी मी अंधेरीतली अकाउंट्सची नोकरी सोडून गाळ्यात यायचं ठरवलं, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. मी एकच अट घातली: मला पगार देणं गाळ्याला परवडतं का, ते आधी बघू.

"परवडता म्हणजे? दिवाळीक बोनस देतंय मा? मगे?" चिडले की बाबा मालवणीत उतरतात.

शनिवारी दुपारी गाळ्यातच फायली घेऊन बसलो. नुसत्या मशिनी बनवून आणि विकून काय सुटतं, तेवढंच मला हवं होतं. म्हणून पोटमाळ्याचं येणारं भाडं वगळलं, बँकेतल्या ठेवीचं व्याज वगळलं. मोजून दिलेले आंबे कोणी परत उचलून न्यावेत, तसा बाबांचा चेहरा झाला. तरी शेवटी बऱ्यापैकी आकडा उरला. "झकास! बोललो नव्हतो?" म्हणत त्यांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत मी पगाराचं पान चाळलं. फिटर होता, लेथवाला होता, झाडू मारणाऱ्या मावशी होत्या. बाबा कुठेच नव्हते.

"बाबा, तुमच्या जागी माणूस ठेवायचा झाला तर किती द्याल?"

"माझ्या जागी?" ते ऐटीत मागे रेलले. "डिझाइन करणार, जोडणी करणार, बंद पडलेली मशीन बघायला एसटीने सांगलीला जाणार, तेही फुकट? असा माणूस मिळत नाही गो. महिन्याला साठ हजार तरी घेईल."

मी साठ लिहिले. नफा गेला आणि तोटा दिसायला लागला.

"मग चाळीस लिही." तरी तोटा. "तीस." असं करत करत ते फिटरच्याही खाली उतरले, तेव्हा कुठे चार पैसे उरले. "बघ! होतोय ना?" त्यांचा चेहरा इतका खुलला की मला त्यांचाच राग आला. स्वतःच्याच मजुरीत घासाघीस करायची आणि वर खूश व्हायचं!

"त्या जागेवर उद्या मी बसणार आहे, बाबा," मी म्हटलं.

माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी तो आकडा खोडला आणि परत साठ लिहिले. मग ड्रॉवरमधून दरपत्रक काढलं. दर वाढवा म्हणून मी किती वर्षं त्यांच्या मागे लागले होते! "जुनी गिऱ्हाइकं आहेत, तुटतील," हे ठरलेलं उत्तर. त्या दुपारी मात्र त्यांनी एकेक ओळ खोडून नवा दर लिहिला आणि लगेच सांगलीला फोन लावला.

"शेठ, दर वाढलाय. हो, आणि दुरुस्तीला येण्याजाण्याचेही पडतील. नाही, जमणार नाही. आता गाळ्यात पगारी माणूस आहे."

शेठनी बरंच ऐकवलं असावं. बाबा ढिम्म हलले नाहीत. मला अभिमान वाटला, आणि रडूही आलं. हा फोन त्यांनी स्वतःसाठी कधीच केला नव्हता.