बायकांच्या बॅचचा स्विच

मुलीच्या शाळेसाठी आम्ही सौदीत, जेद्दाच्या अल अझीझिया भागात राहायचो. नवरा दूर राबिघ गावच्या रिफायनरीत, सुट्टीपुरता घरी. नाशिकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी इथे नुसती बसून होते, म्हणून जवळच्या एका खासगी संस्थेत नेटवर्किंगच्या कोर्सला नाव घातलं.

बायकांची बॅच वेगळी. खरी यंत्रं सगळी पुरुषांच्या लॅबमध्ये, आम्ही मात्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांची चित्रं जोडायची. अर्धा कोर्स संपला तरी हातात एक केबल आली नव्हती. सरांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, "मॅडम, आपको तो सर्टिफिकेट से मतलब है ना? नौकरी थोड़ी करनी है!"

डोक्यात तिडीक गेली. तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले आणि आवाज चढवला. पुढच्या वर्गाला आमच्या टेबलावर एक स्विच आला. अनेक कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी ती. आम्ही सगळ्या तिच्याभोवती गोळा झालो.

केबल लावली. जोडणी झाली की स्विचवर लागतो तो दिवा लागेना. काढून पुन्हा लावली, कमांड तपासल्या, नवी केबल केली. सर येऊन बघायचे आणि म्हणायचे, "ध्यान से कीजिए." कित्येक वर्ग असेच गेले. मला वाटायला लागलं, बसून बसून मी सगळं विसरले.

माझ्या शेजारी दापोलीकडची एक जण बसायची. तिच्या भावाचं जेद्दातच कॉम्प्युटरचं दुकान होतं. एक दिवस तिने तिथला स्विच पिशवीतून आणला. तीच केबल, त्याच कमांड. दिवा लगेच लागला.

"अगो बाय, आपलं काय चुकत नव्हतं," ती म्हणाली. "त्यांचा डबाच मेलाय."

तो डबा उचलून मी पुरुषांच्या चालू वर्गात गेले आणि सरांच्या टेबलावर आदळला. "हा बंद आहे. तुम्हाला माहीत होतं?"

सर खाली बघत पुटपुटले, "मैनेजर साहब ने कहा था, कुछ तो दे दो."

माहीत होतं! रोज आमची धडपड बघत होते आणि लक्ष द्या म्हणून सांगत होते.

नवरा सुट्टीला घरी आल्यावर त्याला सांगितलं, तर म्हणाला, "कशाला डोकं तापवून घेतेस? पास होशील ना?" मी पुन्हा मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले.

शेवटी दर शनिवारी सकाळी पुरुषांची लॅब आम्हाला मिळाली. मी पास झाले. आता एका शाळेचं नेटवर्क सांभाळते. लोक म्हणतात, भांडलीस म्हणून मिळालं. पण इथे शाळांना शुक्रवार-शनिवार सुट्टी, शनिवारी पोरं घरी असतात. त्या दिवशी घर सोडून येणं आमच्यातल्या दोघींना कधीच जमलं नाही. खऱ्या यंत्राला हात न लावताच त्यांनी कोर्स सोडला. "खलास, जमायचं नाही आम्हाला," असं म्हणत, जणू चूक त्यांचीच होती.