तळमजल्याचा नळ

बाणवाल्या काकांच्या हातात कागद द्यायची सोय नव्हती. लग्नाची पत्रिका असो की भेळेचा कागद, पाठीमागे चौकोन पडायचे आणि त्या चौकोनांतून बाण सुटायचे. कांदा का महागला, रिक्षावाला का खेकसला, सगळ्याला बाण. "जगाचे बाण काढतात, घरातला गॅस संपत आलाय ते मात्र दिसत नाही," असं काकू आल्यागेल्याला ऐकवायच्या. काका मान डोलवून तेही टिपून घ्यायचे.

हडपसरच्या एका पंपांच्या कारखान्यात ते इंजिनियर होते. राहायलाही तिथेच हडपसरला, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्यावर. मी एकदा विचारलं, "काका, पंप सोडून हे काय मांडलंय?"

"एक पंप मला कळतो गं. पण पंप, बारा नळ आणि बारा घरं एकत्र आली की काय होतं, ते नाही कळत. ते शिकायचंय." पन्नाशीचा माणूस, पण शाळेत नव्यानं नाव घातल्यासारखा खुललेला.

मी तेव्हा नवी सून. सासूबाईंचं आणि माझं पटत नव्हतं. काकांनी वाण्याच्या पुडीवर आमचेही दोन चौकोन काढले. "सूनबाई, सुरुवात कुणी केली ते शोधू नकोस. तू गप्प बसतेस म्हणून त्या बोलतात, त्या बोलतात म्हणून तू गप्प. गोल आहे तो. कुठेही तोड." मी चहाच्या वेळी उगाचच काहीबाही बोलायला लागले. आठ-दहा दिवसांत सासूबाई मला माझ्या गेलेल्या आईबद्दल विचारू लागल्या. अगं बाई, म्हटलं, हे तर खरंच चालतं!

मग मला दिवस गेले. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलं. आणि इथं तर पाण्याची बोंब! सकाळी तासभर पाणी यायचं, पण आमच्या नळाला नुसती फुसफुस. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दम दिला, "भरल्या कळशीनं जिना चढलात तर मूल गमवाल." नवरा पहिल्या पाळीला, सासूबाईंचे गुडघे गेलेले. मी जिन्यात बसून रडले. ते काकांनी पाहिलं.

पंधरा दिवस सकाळी जिन्यात खुर्ची टाकून ते कान देऊन बसले. मग सगळ्यांना बोलावून म्हणाले, "पाणी कमी नाही. शेजारच्या पिंपात धार वाजली की आपण घाबरून नळ सोडतो, आणि कालचं पाणी शिळं म्हणून ओतून देतो."

"मग देवाला शिळं पाणी घालायचं का?" पहिल्या मजल्यावरच्या जोशीबुवांनी विचारलं.

"देवाला ताजं घाला. आख्खं पिंप काय देवाचं आहे?"

पहिली वीस मिनिटं मी माझा नळ बंद ठेवतो, एवढंच काका बोलले आणि घरी गेले. आठवडाभर कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण खालचं पिंप वाजेना, तशी पहिल्या मजल्याचीही घाई ओसरली. एका सकाळी आमचा नळ खोकला, थुंकला आणि धो धो वाहायला लागला. मी दोन्ही हात धारेखाली धरून उभी राहिले. मुलगा होईपर्यंत एक दिवस नळ कोरडा गेला नाही.

पुढे आम्ही खराडीला फ्लॅट घेतला. निघताना वाकून नमस्कार केला, म्हटलं, "काका, पाणी वर चढलं ते तुमच्या बाणांमुळे." एरवी तासभर बोलणारा माणूस, नुसतं "हं" म्हणाला.

खराडीहून हडपसर ते केवढंसं! तरी येते येते म्हणत राहिले, आणि काका गेल्याचाच फोन आला.

काकूंना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "आता सांगते. चैत्र लागला, पाणी निम्म्यावर आलं आणि ह्यांचे बाण पडले उताणे. वीस मिनिटांत तुझ्याकडे थेंब चढेना. मग तुझी सुटका होईपर्यंत ह्यांनी आमचा नळ उघडलाच नाही. सायकलला दोन कॅन बांधून कारखान्यातून पाणी आणायचे. मला बजावलं होतं, तिला कळलं तर ती पाणी घ्यायची नाही."

सकाळी वर मी बादलीवर बादली भरत होते, आणि त्याच वेळी खाली हा माणूस सायकल टेकवत होता. निदान एकदा तरी तुमच्या हातातला कॅन मला घेऊ द्यायचा होता, काका.